आतड्यांचे संशोधन गावाला सांगा : आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक.



मी गोंदिया जिल्ह्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. माझी मागणी आधी सांगतो आणि कारणे मागाहून. आपल्या विद्यापीठातून जो कोणी आतड्यांच्या दाहावर संशोधन करून पदवी घेईल, त्याने आपल्याला काय सापडले ते मराठीत लिहावे. ज्यांच्या रक्ताचे, शौचाचे आणि आतड्यांच्या तुकड्यांचे नमुने घेतले त्यांच्यापर्यंत जाऊन ते सांगावे. आणि या सांगण्याला पदवीत गुण असावेत, बढतीत मोल असावे. इतर रोगांनाही हे लागू व्हावे, असे मला वाटतेच. पण सुरुवात आतड्यांपासून व्हावी, कारण या रोगाइतका न बोलण्यावर पोसला जाणारा दुसरा रोग माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या भागात पावसाळ्यात रोवणी चालते. बायांच्या रांगा दिवसभर चिखलाच्या बांधीत वाकलेल्या असतात. ज्या बाईला दिवसातून आठ-दहा वेळा परसाकडे पळावे लागते, शौचावाटे रक्त आणि आव पडते, तिने त्या उघड्या शिवारात काय करावे? माझ्या ओळखीतल्या एका बाईने मजुरीला जाणे सोडले. घरात कारण सांगितले, की कंबर धरते. पुढे रक्त लपवता येईना, तेव्हा मूळव्याध म्हणून रस्त्याकडेच्या एका पाटीवाल्याकडे उपचार झाले. मग एका दवाखान्यात आतड्याचा क्षयरोग म्हणून गोळ्या सुरू झाल्या. शेवटी मोठ्या शहरात दुर्बिणीची तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव कळले. या सगळ्यात वर्षे गेली. तिला कोणी फसवले, असे मला म्हणायचे नाही. तिला आणि तिच्या आजूबाजूच्या कोणालाही असा रोग असतो हेच माहीत नव्हते.

हा रोग दोन रूपांत येतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. दुसरे रूप क्रोन्स डिसीज. त्यात तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कुठेही दाह होऊ शकतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला होतो, आणि तो भिंतीच्या सगळ्या थरांत खोल उतरतो. न्यूयॉर्कच्या बर्रिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन्ही रूपांच्या मुळाशी शरीराची स्वतःचीच संरक्षण व्यवस्था आहे. आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. बांधीतले पाणी जसे बांधाने अडते, तसे हे जिवाणू अस्तराच्या आणि त्यावरच्या चिकट थराच्या अलीकडे अडून राहतात. हा बांध कुठे झिरपू लागला आणि पलीकडच्या पेशींनी नेहमीच्या जिवाणूंनाच शत्रू मानले, की दाह सुरू होतो आणि थांबायचे नाव घेत नाही. अनुवंश, आहार, लहानपणी घेतलेली प्रतिजैविके, तंबाखूचा धूर अशा बऱ्याच गोष्टींचा त्यात हात असतो. विडी-सिगारेटने क्रोन्स बळावतो, हे तर पक्के आहे, आणि आमचा भाग विडीचा आहे.

हा शहरातल्या सुखवस्तूंचा रोग, अशी समजूत डॉक्टरांतही बराच काळ होती. लुधियानाचे डॉ. अजित सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पंजाबातली पाहणी प्रसिद्ध केली. तिथे लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. हैदराबादच्या डॉ. रूपा बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांत फिरते एंडोस्कोपी पथक नेले. पोटाच्या तक्रारी घेऊन आलेल्या ग्रामीण आणि शहरी रुग्णांत या रोगाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले, असे त्यांनी २०२३ साली मांडले. तेलंगणातल्या खेड्यांत जे दिसले, ते आमच्या देवरी-सालेकशात नसेल असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

क्षयरोगाची गफलत आपणास सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोन्ही बहुधा लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर येतात. दोन्हींत पोट दुखते, वजन उतरते, ताप येतो. दुर्बिणीतून पाहिले तरी ओळख पटेलच असे नाही. म्हणून आपल्या देशात अनेकदा आधी क्षयाची औषधे देऊन दोन-तीन महिने वाट पाहतात आणि मग निदान ठरते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण भारतात आहेत, तेव्हा ही सावधगिरी अनाठायी नाही. उलट चूकही तितकीच घातक. क्रोन्ससाठी १९९८ साली मान्यता मिळालेल्या इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाने शरीरात दडून बसलेला क्षय जागा होऊ शकतो, म्हणून ते देण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते. पण वाट का पाहायची आहे आणि कशाची, हे रुग्णाला त्याच्या बोलीत कोणी सांगितले नाही, तर तो दुसऱ्या महिन्यात गोळ्या टाकून देतो. दाह उतरवणाऱ्या स्टेरॉइडचेही तेच होते. दहा दिवसांत रक्त थांबते, माणूस औषध सोडतो, रोग उलटतो, मग तो दुकानातून तीच गोळी स्वतःच आणून खातो. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मोठ्या आतड्याच्या दाहाला आठ वर्षे झाली, की कर्करोगासाठी वेळोवेळी दुर्बिणीने तपासणी करावी लागते. ती करून घ्यायला बरे वाटत असलेला माणूस कामधंदा सोडून येईल, तो सगळे नीट समजले असेल तरच. या रोगात अर्धा उपचार समजावून सांगण्याचा आहे.

आता संशोधकांकडे येतो. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात काम केलेले डॉ. योगेश शौचे यांचे काम मी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे. २०१२ साली त्यांच्या आणि आघारकर संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांच्या नावाने एक छोटा, पण मला फार आवडलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एकत्र कुटुंबात आजोबा, मुलगा, नातू एका छताखाली राहतात, एकाच चुलीवरचे खातात. त्यांच्या आतड्यांतले जिवाणू वयाप्रमाणे कसे बदलतात, हे दोन कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्यांत त्यांनी पाहिले. एकत्र कुटुंब ही आपली गोष्ट, आणि प्रश्नही आपल्या घरात सुचलेला. २०१६ साली त्यांच्या गटाने दाखवले, की भारतीयांच्या आतड्यांत प्रेव्होटेला या जिवाणूचे प्रमाण अधिक आहे. धान्य-डाळी-भाजीपाल्यावर जगणाऱ्या माणसांत तो जास्त आढळतो. याचा अर्थ असा, की युरोप-अमेरिकेतल्या आतड्यांवरून काढलेले निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. भात, पेज, आंबील आणि लाखोळीच्या डाळीवर वाढलेल्या आमच्या धानपट्ट्यातल्या माणसाचे आतडे समजून घ्यायचे, तर इथेच अभ्यास करावा लागेल.

त्याच केंद्रात सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तो उभा करण्यात शौचे यांचा मोठा वाटा आहे. तिथल्या तरुण संशोधकांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातून एक नवा जिवाणू वेगळा केला. त्या निमित्ताने त्यांनी त्याच्या नात्यातल्या एका मोठ्या प्रजातीची फेरमांडणी करून तिचे सात नव्या प्रजातींत विभाजन केले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्या सातांपैकी एका प्रजातीला शौचे यांच्यावरून नाव दिले आहे : शौचेला. जुन्या पुस्तकांतला बॅसिलस क्लॉसी आता शौचेला क्लॉसी झाला. हा कोण, हे लहान मुलांच्या आयांना सांगायला हवे. मुलाला जुलाब झाले की औषधाच्या दुकानातून जी छोटी प्लास्टिकची कुपी आणतात, एन्टेरोजर्मिना, तिच्या पाच मिलिलिटरमध्ये याच जिवाणूचे २०० कोटी बीजाणू असतात. दीर्घकाळच्या दाहावरचा तो इलाज नव्हे, हेही इथेच सांगतो. पण महाराष्ट्रातल्या किती घरांत ती कुपी पोहोचली आहे याचा विचार करावा! एका मराठी वैज्ञानिकाचे नाव धारण केलेला, विदर्भातल्या सरोवरामुळे ज्याला नवे नाव मिळाले असा जिवाणू आपण आपल्या लेकरांना पाजतो. गोंदियाच्या एखाद्या शाळेत मुलांना हे सांगितले, तर त्यांतला एक तरी मुलगा किंवा मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळेल, असे माझा शिक्षकी अनुभव मला सांगतो. पण हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

याच कारणाने मी थेट आपल्याला लिहितो आहे. संशोधकाच्या कामाचे दोन भाग असतात : शोधणे आणि सांगणे. आपल्या व्यवस्थेत पहिलाच मोजला जातो. माझ्या जिल्ह्यातल्या मुलीला आतड्यांच्या दाहावर काम करायचे असेल, तर साडेचार वर्षे एमबीबीएस, एक वर्ष आंतरवासिता, तीन वर्षे एमडी, तीन वर्षे गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीत डीएम. साडेअकरा वर्षे झाली. या काळात ती प्रबंध लिहील, इंग्रजी नियतकालिकात लेख छापील, परिषदेत पोस्टर लावील. या सगळ्याची नोंद होते. रुग्णाशी कसे बोलावे याचे धडे २०१९पासून एटकॉम या नावाने अभ्यासक्रमात आले, पहिल्या वर्षी स्थानिक भाषाही शिकवतात. ही चांगली सुधारणा आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण ‘तुझ्या प्रबंधात काय निघाले, ते ज्यांचे नमुने घेतलेस त्यांना सांगितलेस का?’ हा प्रश्न तिला तोंडी परीक्षेतही कोणी विचारणार नाही.

न सांगण्याची किंमत विदर्भाने मोजली आहे. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा गुणधर्म असल्याचे १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. लंडनच्या नियतकालिकाला जे १९५८ साली कळले, ते आमच्या गावांत कळायला दशके लागली. सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोलला. मधल्या पासष्ट वर्षांत किती लग्ने रक्त न तपासता लागली, किती लेकरे ‘हाडे दुखतात’ म्हणत गेली, याचा हिशेब कोणत्याही प्रबंधात सापडणार नाही. सरकारी कामाला वेळ लागतो, हे मला समजते. पण त्या काळात या भागातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रत्येक प्रबंधाचा एकेक मराठी कागद गावात आला असता, तर लोकांनी तपासणी स्वतःहून मागितली असती.

सांगणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती आमच्या शेजारीच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आहे, हे राणी बंग यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. ज्या विषयावर बायका एकमेकींशीही बोलत नव्हत्या, तो विषय त्या संशोधनाने बोलता केला, कारण संशोधक त्याच बायकांमध्ये बसून, त्यांची भाषा शिकून काम करत होत्या. नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली आला. त्यात गावातल्या बायाच आरोग्यदूत होत्या. म्हणजे समजावून सांगणे हा त्या संशोधनाचाच भाग होता, ते मागून चिकटवलेले नव्हते. रायगडातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून माणसे वाचवली. त्यांनी ‘लॅन्सेट’लाही लिहिले आणि मराठीतही लिहिले. मराठीत लिहिल्याने त्यांच्या विज्ञानाला काही उणेपण आले नाही. जयंत नारळीकर आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले, म्हणून त्यांचे विश्वरचनाशास्त्र कोणी कमी लेखले नाही.

आपल्या कार्यालयातून येऊ शकतील असे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, विद्यार्थ्यांना वेळ नाही. निवासी डॉक्टरांचे हाल आम्ही पाहतो, त्यांच्यावर नवे ओझे टाकावे असे मलाही वाटत नाही. पण दोन पानांचा मराठी गोषवारा हे ओझे नव्हे. ज्याला आपला निष्कर्ष दोन पानांत शेतकऱ्याला सांगता येत नाही, त्याला स्वतःला तो किती समजला आहे, हे मार्गदर्शकालाही त्यातून कळेल. दुसरा आक्षेप, अर्धवट माहितीने लोक घाबरतील. लोक आजही अर्धवट माहितीवरच जगत आहेत, आणि ती त्यांना मोबाइलवर येणाऱ्या जाहिरातींतून मिळते आहे. जठरव्रण तिखट खाण्याने आणि काळजीने होतो, असे आमच्याकडे अजून सर्रास मानतात. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू स्वतः पिऊन दाखवला. जठरव्रणाचे मोठे कारण हा जिवाणू आहे, या शोधासाठी त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह २००५ साली नोबेल मिळाले. त्यालाही दोन दशके झाली. तज्ज्ञ गप्प राहिला की ती जागा दुसरा कोणीतरी भरतो.

गावात पोहोचायचे कसे, याची वाट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आधीच करून ठेवली आहे. कुटुंब दत्तक कार्यक्रमात एमबीबीएसचा प्रत्येक विद्यार्थी गावातली तीन ते पाच कुटुंबे दत्तक घेतो आणि शिक्षण चालू असताना त्यांच्याकडे जात राहतो. गोंदियाला २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथली मुले या घरांत वजन-रक्तदाब पाहतात. त्यांनीच घरात बसून विचारावे : शौचाला रक्त पडते का? चार आठवड्यांपेक्षा जास्त जुलाब आहेत का? रात्री झोपेतून उठून जावे लागते का? वजन उतरते आहे का? दुर्बिणीच्या तपासणीला कोणाला पाठवायचे, हे ठरवायला एवढे प्रश्न पुष्कळ झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्याने लिहिलेला गोषवाराही याच मुलांनी याच घरांत वाचून दाखवावा. वाचताना ती भाषा झाडीबोलीकडे, पोवारीकडे, गोंडीकडे आपोआप झुकेल, कारण घरातली आजी मध्येच अडवून विचारेल. आणि दिवाळीनंतर आमच्याकडे झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. एका रात्री हजारो माणसे मंडपात असतात. नाटक सुरू होण्याआधी पाच मिनिटे एखाद्या डॉक्टरने त्या मंचावर उभे राहून पोटाबद्दल बोलावे. नाट्यमंडळी नाही म्हणणार नाहीत, याची मला खात्री आहे.

आपल्याकडून मला हवे आहे ते एक परिपत्रक. पदव्युत्तर आणि पीएच.डी. प्रबंधासोबत मराठी गोषवारा सक्तीचा करावा. तो विद्यापीठाने सर्वांना खुला ठेवावा. तो लोकांसमोर वाचल्याची नोंद झाल्याशिवाय प्रबंध पूर्ण झाला असे मानू नये. अध्यापकाच्या बढतीत अशा कामाला निदान एका शोधनिबंधाइतके स्थान द्यावे. याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही.

आमच्या ग्रामपंचायतींत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. आतड्यांच्या दाहावरचा पहिला मराठी गोषवारा तयार झाला, की आपण तो गोंदिया जिल्ह्याकडे पाठवा. आठही तालुक्यांत तो वाचून दाखवण्याचे काम आम्ही निवृत्त शिक्षक करू. लोकांनी विचारलेले प्रश्न लिहून संशोधकाकडे परत पाठवू. उत्तरे मात्र त्याच्याकडूनच यायला हवीत.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
आमगाव, जिल्हा गोंदिया